अनवट तालांची मोजदाद : देवगिरीपासून तंजावरपर्यंत

कोल्हापुराहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता आंबा घाट उतरण्यापूर्वीं मलकापुरावरून जातो. गांव लहान; परंतु विशाळगडच्या पंतप्रतिनिधींचें ठाणें म्हणून कोल्हापूरच्या इतिहासांत त्याचें नांव आलेलें आहे. या ‘प्रतिनिधि’ पदाचा जन्म मात्र सह्याद्रींत झालेला नाहीं. इ. स. १६८९ मध्यें संभाजीमहाराजांच्या वधानंतर राजाराममहाराज पन्हाळ्याहून निघून दक्षिणेंतील जिंजीच्या किल्ल्यांत गेले आणि तेथें, तामिळ मुलुखांत, त्यांनीं प्रल्हाद निराजीसाठीं हें पद नव्यानें निर्माण केलें. पुढें तें परशुराम त्र्यंबकांकडे आलें. त्यांच्या वंशाची एक शाखा साताऱ्याच्या गादीशीं राहिली, दुसरी कोल्हापूरच्या. आणि या दुसऱ्या शाखेबरोबर तें पद विशाळगडावर व तेथून मलकापुरास आलें. मलकापूरकरांच्या तोंडीं सहज येणारा एक शब्द असा द्राविड देशांतून प्रवास करून आलेला आहे. सह्याद्रि आणि कावेरी यांच्यामधील वाट किती जुनी व किती वहिवाटीची आहे, हें ध्यानांत यावें म्हणून ही हकीकत आरंभीं सांगितली. कारण याच वाटेनें, परंतु उलट दिशेनें, दुसरी एक मौल्यवान वस्तु महाराष्ट्रांतून दक्षिणेस गेलेली आहे. ती वस्तु म्हणजे तालांची मोजदाद.

आपल्याकडील सुशिक्षित रसिक कर्नाटक संगीताविषयीं बोलूं लागला म्हणजे दोन अभिप्राय बहुधा ऐकूं येतात. तिकडचें गाणें गणिती आहे, हा पहिला. आणि तिकडचे ताल आपल्या कानांस परके आहेत, हा दुसरा. त्रिताल, एकताल, झपताल, रूपक, दादरा, केरवा आणि भजनाचा ठेका यांच्यावर आपलें बहुतेक गाणें चालतें. अकरा, तेरा, सतरा अशा आडनिड्या मात्रांचा ताल कानीं पडला कीं आपण त्यास तबलजीची करामत समजतों. दक्षिणेंत अशा तालांना रीतसर नांव आहे, घर आहे व अनुक्रमांक आहे. हें सारें परकें आहे असें मात्र म्हणतां येत नाहीं. ज्या ग्रंथांत तालांच्या या हिशेबाची मोठी वही मांडली गेली, तो ग्रंथ देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, लिहिला गेला. आणि दक्षिणेंत ज्या राज्यांत ती विद्या पुढें फुलली त्याची गादी भोसल्यांची होती.

देवगिरीच्या यादवांपैकीं सिंघण राजानें इ. स. १२१० च्या सुमारापासून १२४७ च्या सुमारापर्यंत राज्य केलें. त्याच्या दरबारीं शार्ङ्गदेव नांवाचा एक अधिकारी होता. त्याचें घराणें मूळचें काश्मीरचें. आजोबा भास्कर दक्षिणेंत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेंत होते, आणि स्वतः शार्ङ्गदेव श्रीकरणाचा, म्हणजे राज्याच्या हिशेबी दप्तराचा, प्रमुख होता. पुढें हेमाद्रीनेंही हेंच दप्तर सांभाळलें, हें महाराष्ट्रीय वाचकांस ठाऊक आहेच. दिवसा जमाखर्चाच्या वह्या तपासणाऱ्या या गृहस्थानें ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन असे ते अध्याय होत. त्यांपैकीं पांचवा, तालाध्याय, वाचीत असतां लेखकाचा व्यवसाय पानापानांतून डोकावतो.

प्रथम त्यानें जमा धरली ती परंपरेची. चच्चत्पुट, चाचपुट, षट्पितापुत्रक, संपक्वेष्टाक आणि उद्घट्ट हे पांच मार्गताल प्राचीन नाट्यसंगीतांतले. ते त्यानें आरंभीं सांगितले. नंतर निरनिराळ्या प्रदेशांत गायिले जाणारे देशी ताल घेतले आणि त्यांची १२० नांवांची यादी लक्षणांसह दिली. प्रत्येक तालाचें लक्षण सांगण्यास त्याला चार मुख्य मापें पुरलीं : द्रुत, लघु, गुरु आणि प्लुत. द्रुत हें लघूच्या निम्में, गुरु लघूच्या दुप्पट, प्लुत तिप्पट. कोठें अंगाच्या कालांत निम्म्यानें वाढ करावयाची असेल तेथें ‘विराम’ नांवाची खूण. नाणीं थोडीं आणि व्यवहार अनेक, अशी ही रचना आहे. या १२० तालांत कांहीं अगदीं आंखूड, एक-दोन अंगांचे आहेत; तर सिंहनंदनासारखा ताल इतका लांब कीं ऐकणाऱ्यास त्याचें एक आवर्तन पूर्ण झालें केव्हां हेंही चटकन् कळूं नये.

येथेंच तो थांबला असता तर त्यास केवळ संग्राहक म्हणतां आलें असतें. परंतु हिशेबनिसाच्या मनांत पुढचा प्रश्न आला : लोकांनीं ज्यांना नांवें दिलीं ते ताल एवढे, परंतु होऊं शकतील असे ताल एकूण किती? या प्रश्नास त्यानें ‘प्रस्तार’ या प्रकरणांत उत्तर दिलें. एक लहान उदाहरण घेऊं. एका गुरूचा काल, म्हणजे चार द्रुतांचा काल, निरनिराळ्या अंगांनीं किती प्रकारें भरतां येईल? एक गुरु, दोन लघु, लघु आणि मागून दोन द्रुत, दोन द्रुत आणि मागून लघु, दोन द्रुतांच्या मध्यें लघु, आणि चार द्रुत. एकंदर सहा प्रकार. याच रीतीनें एका द्रुतापासून आठ द्रुतांपर्यंतच्या कालासाठीं प्रकारांची संख्या अनुक्रमें १, २, ३, ६, १०, १९, ३३ आणि ६० अशी येते. पुढची संख्या काढण्याचा त्याचा नियम मोठा सुटसुटीत आहे : मागील संख्यांपैकीं शेवटची, तिच्या आधींची, शेवटून चौथी आणि शेवटून सहावी यांची बेरीज करावी. १९, १०, ३ आणि १ यांची बेरीज ३३ होते, तें याच नियमानें. नियमाचें कारणही उघड आहे. कोणत्याही तालाचें शेवटचें अंग द्रुत, लघु, गुरु किंवा प्लुत यांपैकींच असणार. तें काढून टाकल्यावर मागें उरणारा काल अनुक्रमें एक, दोन, चार किंवा सहा द्रुतांनीं कमी असणार. आणि त्या उरलेल्या कालाचे प्रकार आपण आधींच मोजलेले आहेत.

हा नियम पुढें चालवून पाहावा. आठ लघूंच्या, म्हणजे सोळा द्रुतांच्या, कालापर्यंत आलों कीं प्रकारांची संख्या ६,२३६ होते. त्यापुढें शार्ङ्गदेवाची १२० नांवांची यादी ठेवून पाहिली म्हणजे मनुष्यांनीं वापरलेले ताल आणि संभवनीय ताल यांच्यांत केवढें अंतर आहे हें दिसतें. तो एवढ्यावरही थांबला नाहीं. या प्रस्ताराच्या कोष्टकांत अमुक क्रमांकाच्या ओळींत कोणता ताल असेल, हें सारें कोष्टक न मांडतां काढण्याची रीत, जिला ‘नष्ट’ म्हणतात. आणि एखादा ताल हातीं आला असतां त्याचा क्रमांक काढण्याची रीत, जिला ‘उद्दिष्ट’ म्हणतात. दोन्ही त्यानें दिल्या. छंदःशास्त्रांत वृत्तांसाठीं असे हिशेब पूर्वींपासून होते. तेथें लघु आणि गुरु या दोनच मापांवर काम भागत असे. चार मापांवर तोच हिशेब चालविणें आणि तो संगीताच्या ग्रंथांत आणून बसविणें, हें देवगिरीच्या या दप्तरदाराचें कर्तृत्व आहे.

पुढें अल्लाउद्दीनाची स्वारी आली, आणि चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत यादवांचें राज्य बुडालें. गादी गेली, ग्रंथ मात्र दक्षिणेंत जगला. आंध्र देशांतील सिंहभूपालानें चौदाव्या शतकांत त्याच्यावर टीका लिहिली. पंधराव्या शतकांत विजयनगरच्या आश्रयास असलेल्या कल्लिनाथानें दुसरी. देवगिरीच्या यादीचे ताल अशा रीतीनें तुंगभद्रेच्या कांठीं पोंचले.

तेथें त्यांची गांठ एका वेगळ्या प्रवाहाशीं पडली. कर्नाटकांतील हरिदास पंढरीच्या विठ्ठलाचे भक्त; त्यांच्यांतील अग्रणी पुरंदरदास इ. स. १५६४ मध्यें निवर्तले. त्यांच्या पदांच्या अखेरीस विठ्ठलाचें नांव येतें, हें महाराष्ट्रांतील वारकऱ्यास सांगितलें तर त्याला आपलाच कोणी भेटल्याचा आनंद होईल. या हरिदासांनीं ‘सूळादि’ नांवाचा एक रचनाप्रकार लोकप्रिय केला. त्यांत एकाच रचनेचे निरनिराळे खंड निरनिराळ्या तालांत गायिले जात. शेंकडों देशी तालांच्या गर्दींतून या रचनांना सोयीचे असे थोडे ताल पुढें आले आणि सूळादींचे सात ताल म्हणून स्थिरावले : ध्रुव, मठ्य, रूपक, झंप, त्रिपुट, अट आणि एक. पंडितांच्या ग्रंथांतील अफाट यादीस भक्तांच्या गळ्यानें अशी चाळणी लावली.

याच सातांवर पुढें दक्षिणेंतील आजचें वर्गीकरण उभें राहिलें. त्याची रीत एकदां समजून घेतली म्हणजे पुष्कळ गूढ उकलतें. येथें अंगें तीन : लघु, द्रुत आणि अनुद्रुत. द्रुताच्या मात्रा नेहमीं दोन, अनुद्रुताची एक. लघु मात्र बदलतो. त्याच्या पांच जाती : तिस्र म्हणजे तीन, चतुरस्र म्हणजे चार, खंड म्हणजे पांच, मिश्र म्हणजे सात, संकीर्ण म्हणजे नऊ मात्रांचा. सात तालांपैकीं प्रत्येकाचा सांगाडा कायम; त्यांतील लघूची जाति बदलली कीं नवा ताल. ध्रुवाचा सांगाडा लघु, द्रुत, लघु, लघु. मठ्याचा लघु, द्रुत, लघु. रूपकाचा द्रुत, लघु. झंपेचा लघु, अनुद्रुत, द्रुत. त्रिपुटाचा लघु आणि दोन द्रुत. अटाचे दोन लघु आणि दोन द्रुत. एकतालाचा नुसता एक लघु. सात सांगाडे आणि पांच जाती मिळून पस्तीस ताल झाले. त्यांतील प्रत्येक मात्रेचे पुन्हा तीन, चार, पांच, सात किंवा नऊ भाग करतां येतात, त्यास गति म्हणतात. तो गुणाकार केला म्हणजे एकशें पंचाहत्तर. दक्षिणेंत सर्वांत अधिक कानीं पडणारा आदिताल म्हणजे चतुरस्र जातीचा त्रिपुट, चार अधिक दोन अधिक दोन, एकूण आठ मात्रांचा. आपला भजनाचा ठेकाही आठ मात्रांचाच. मलकापुराच्या देवळांतील टाळकऱ्यास तंजावरच्या आदितालाची लांबी अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं.

कोष्टक मांडून पाहिलें असतां दोन गोष्टी नजरेस येतात. एक, सर्वांत लहान ताल तीन मात्रांचा आणि सर्वांत मोठा, संकीर्ण जातीचा ध्रुव, एकोणतीस मात्रांचा. दुसरी अधिक मार्मिक आहे. नांवें पस्तीस असलीं तरी मात्रासंख्या केवळ एकोणीसच निरनिराळ्या येतात. कारण अनेक तालांची लांबी सारखी आहे. बारा मात्रांचे ताल तीन आहेत : खंड जातीचा मठ्य पांच, दोन, पांच; चतुरस्र जातीचा अट चार, चार, दोन, दोन; आणि संकीर्ण जातीची झंप नऊ, एक, दोन. बेरीज एकच, परंतु चालणें तीन तऱ्हांचें. म्हणजे या पद्धतींत तालाची ओळख त्याच्या एकूण मात्रांत नसून त्यांच्या वांटणींत आहे. उलट, पंधरा, एकोणीस आणि एकवीस या संख्या पस्तिसांत कोठेंच येत नाहींत. आपल्याकडील पंधरा मात्रांच्या सवारीस या कोष्टकांत जागा नाहीं. शार्ङ्गदेवाच्या प्रस्तारांत तशा तालांना जागा होती. सुटसुटीतपणासाठीं दक्षिणेनें ही किंमत दिली.

हें वर्गीकरण ज्या मुलुखांत नांदलें त्याच्या मध्यभागीं तंजावर आहे, आणि तेथें इ. स. १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजी यांनीं आपली गादी स्थापिली. त्यांचे पुत्र शहाजीराजे (१६८४ ते १७१२) स्वतः मराठी, तेलुगु व संस्कृत रचना करणारे. तुळजाराजांनीं (१७२८ ते १७३६) ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि रागांचीं लक्षणें सांगतांना तत्कालीन गीतें, ठाय व सूळादि यांतील उदाहरणें दिलीं. पूर्वींच्या नायक राजांच्या काळीं याच नगरांत व्यंकटमखीनें ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ रचली होती व बहात्तर मेलांची योजना मांडली होती. त्या ग्रंथाचा तालाध्याय नष्ट झालेला आहे. रागांचें कोष्टक राहिलें, तालांचें गळलें. तालविद्येच्या नशिबीं अशी उपेक्षा वारंवार आलेली दिसते.

मराठ्यांच्या त्या राज्यांत तिरुवारूर येथें रामस्वामी दीक्षित (१७३५ ते १८१७) होते. त्यांनीं एकशें आठ राग आणि एकशें आठ ताल यांची एक अखंड मालिका रचली. जुन्या देशी तालांच्या यादीस इतक्या विस्तारानें गाण्यांत उतरविण्याचा तो असामान्य उद्योग होता. त्यांच्या वंशांतील सुब्बराम दीक्षितांनीं १९०४ मध्यें ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ छापली तेव्हां त्या मालिकेचे एकसष्ट खंडच हातीं होते. बाकीचे सत्तेचाळीस गेले. रामस्वामींचे पुत्र मुत्तुस्वामी दीक्षित (मृत्यु १८३५) यांनीं दुसरी वाट धरली. रविवारापासून शनिवारापर्यंतच्या सात ग्रहांवर सात कृती रचून त्यांनीं प्रत्येकीस सूळादींचा एकेक ताल दिला : सूर्यास ध्रुव, चंद्रास मठ्य, मंगळास रूपक, बुधास झंप, गुरूस त्रिपुट, शुक्रास अट आणि शनीस एक. या साती आज गायिल्या जातात. एकशें आठांची मालिका तुटली, सातांची टिकली. आठवणीस पेलेल इतकें ओझें दिलें तर ती तें पिढ्यान् पिढ्या वाहते.

तंजावरचेच श्यामा शास्त्री (१७६२ ते १८२७) यांनीं तर कोष्टकाबाहेरचा ताल उचलला. तीन अधिक चार असा सात मात्रांचा मिश्र चापू सूळादींच्या सातांत येत नाहीं. त्याची चाल आपल्या रूपकाच्या जवळची. शास्त्रींनीं तो उलटा करून चार अधिक तीन असा, म्हणजे विलोम चापू म्हणून, आपल्या कृतींत वापरला. कोष्टक उत्तम असलें तरी प्रतिभावंत त्याच्या कडेनें वाट काढतो, याचें हें उदाहरण होय.

या परंपरेचें एक टोंक मराठी भाषेंतही आहे. १८५५ मध्यें शेवटचे शिवाजीराजे निवर्तले आणि इंग्रजांनीं तंजावर खालसा केलें. त्यानंतर त्यांचे जांवई सखारामसाहेब यांच्या आश्रयास असलेल्या लावणी व्यंकटराव या कवीनें बहात्तर मेलांवर मराठींत एक दीर्घ रचना केली, आणि तिला संगीत देण्याचें काम महावैद्यनाथ अय्यर (१८४४ ते १८९३) यांनीं केलें. पुढें त्यांनींच तिच्या जागीं संस्कृत शब्द घालून रचना नव्यानें सिद्ध केली, व तीच प्रसिद्ध झाली. याच अय्यरांचा सिंहनंदन तालांतील तिल्लाना प्रसिद्ध आहे. त्याचें एक आवर्तन एकशें अठ्ठावीस अक्षरकालांचें, म्हणजे आदितालाच्या सोळा आवर्तनांएवढें. देवगिरीच्या वहींत नोंदलेलें तें नांव सहाशें वर्षांनंतर तंजावरच्या मराठी सरदारांच्या परिवारांत वावरणाऱ्या गवयानें पुन्हा सजीव केलें.

आतां आपल्या बाजूकडे वळूं. विष्णु नारायण भातखंडे १९०४ मध्यें दक्षिणेंत गेले, एट्टयपुरम् येथें सुब्बराम दीक्षितांस भेटले, आणि मेलांची कल्पना घेऊन आले. पुढें त्यांनीं हिंदुस्थानी रागांस दहा थाट दिले व त्यायोगें आपल्या शिक्षणास शिस्त लागली. तालांच्या बाबतींत असें कांहीं घडलें नाहीं. आणि त्याचें कारण त्यांची उपेक्षा नसून आपल्या तालाच्या स्वभावांत आहे. दक्षिणेंत ताल गायकाच्या हातावर असतो. लघु म्हणजे एक टाळी व मग बोटांची मोजणी, द्रुत म्हणजे एक टाळी व हात उलटा करणें, अनुद्रुत म्हणजे नुसती टाळी. मृदंग काय वाजवितो यावर तालाची ओळख अवलंबून नाहीं. म्हणून कागदावर मांडलेला कोणताही ताल हातावर तत्काळ धरतां येतो. आपल्याकडे ताल ठेक्यांत असतो. धा धिं धिं धा म्हटल्यावांचून त्रिताल त्रिताल वाटत नाहीं. सोळाच मात्रांच्या दोन तालांत आपण ठेक्यावरून भेद करतों. नवा ताल निर्माण करावयाचा म्हणजे त्यास नवा ठेका हवा, तो बसविणारा तबलजी हवा, आणि ऐकणाऱ्याच्या कानांत तो मुरण्यास काळ हवा. ठेक्यानें आपल्या विलंबित ख्यालास जो डौल दिला तो दक्षिणेच्या मोजणीस देतां आला नसता, हें खरें. परंतु ठेका ही हाताबोटांची स्मृति आहे. ती माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते.

कोल्हापुराचेंच उदाहरण पाहा. शाहूमहाराजांच्या आश्रयास अल्लादिया खाँसाहेब (मृत्यु १९४६) येथें राहिले, आणि अनवट रागांचें भांडार म्हणून त्यांचें घराणें सर्वत्र मान्यता पावलें. त्यांच्या शिष्यशाखांनीं ते राग जपले, शिकविले, वाढविले. त्या गाण्यांत राग अनवट असे. ताल मात्र बहुधा ओळखीचाच. अनवट तालांचा ध्यास घेतलेला पुरुष गोव्यांत निपजला. लक्ष्मण पर्वतकर, ज्यांस सारा रसिकवर्ग खाप्रुमामा म्हणे, हे मूळचे सारंगी आणि तबल्याचे कलावंत. गुणिजनांनीं त्यांस ‘लयब्रह्मभास्कर’ म्हटलें. दोन हात आणि दोन पाय यांनीं एकाच वेळीं निरनिराळे ताल धरून ते ठरल्या जागीं समेवर येत. जें दक्षिणेंत एका कोष्टकांत आणि शेंकडों शिष्यांच्या बोटांवर वांटलेलें होतें, तें आपल्याकडे एका देहांत सांठलें. १९५३ मध्यें खाप्रुमामा गेले. ज्यांनीं त्यांना ऐकलें त्यांच्या तोंडून आश्चर्याच्या गोष्टी आल्या. परंतु आश्चर्य शिकवितां येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, दक्षिणेंतही पस्तीस ताल पुस्तकांतच आहेत. मैफलींत आदि, रूपक आणि दोन चापू यांवर बहुतेक काम भागतें. आक्षेप बराच खरा आहे. संकीर्ण जातीच्या ध्रुवांत गाणारा दुर्मीळच. तरीही त्या रिकाम्या घराचा उपयोग आहे. तेथें आरंभींच्या विद्यार्थ्यास सात तालांचे अलंकार हातानें मोजून गावे लागतात. पुढें पल्लवि गाणारा प्रौढ गवई एखादा अनवट ताल निवडतो, तेव्हां समोरच्या श्रोत्यांपैकीं कित्येकांचे हात आपोआप मांडीवर पडूं लागतात. घराला दार आणि क्रमांक असल्यामुळें कोणी केव्हांही जाऊन तेथें दिवा लावूं शकतो. शार्ङ्गदेवानें ‘नष्ट’ या नांवानें जी रीत सांगितली तिचा आशयही हाच कीं, हरवलेला ताल त्याच्या क्रमांकावरून पुन्हा शोधून काढतां यावा.

वर्गीकरणानें संगीत निर्माण होत नाहीं. तें गळ्यानें आणि हातानेंच होतें. परंतु गळा आणि हात नाशिवंत आहेत. दीक्षितांच्या मालिकेचे सत्तेचाळीस खंड, व्यंकटमखीचा तालाध्याय आणि खाप्रुमामांचे हातपाय, तिन्ही गेले. यांतील तालांची ओळख पुन्हा पटवून घ्यावयाची तर साधन एकच उरतें : अंगांची भाषा, आणि त्या भाषेंत केलेली नोंद. ती भाषा आपल्यास परकी नाहीं. तिचें एक महत्त्वाचें पान आपल्याच दौलताबादेस लिहिलें गेलें. आपल्या संगीतशाळांतून मुलांस ठेके पाठ करवितांना, त्याबरोबर बोटांवर लघु-द्रुत मोजण्याची ही सोपी रीत शिकविली, तर तबल्याची थोरवी कमी होणार नाहीं, आणि अकरा किंवा तेरा मात्रांचें गाणें ऐकतांना पुढच्या पिढीस गोंधळल्यासारखें होणार नाहीं.

१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. दरबार गेले, प्रतिनिधिपदाची सत्ता इतिहासजमा झाली, तरी तो शब्द कोठून आला हें इतिहासाच्या नोंदींमुळें सांगतां येतें. जिंजीहून मलकापुरास एक पद आलें त्याची नोंद राहिली. देवगिरीहून तंजावरास तालांची वही गेली तिचीही राहिली. ती आतां घरीं आणणें आपल्या हातीं आहे, आणि त्यासाठीं खर्च एकच : उजवा हात मांडीवर ठेवून एक टाळी द्यावी, आणि करंगळीपासून मोजावयास लागावें.